तिसऱ्या तुकड्यातली माझी जागा

१० मार्च २०२५, सोमवार. सकाळी.

खिळे ठोकले. माझ्या गोधड्यांले खिळे ठोकले, ते बी दोन-दोन इंची. विचारलं त म्हनते, माय, आवाज भिंतीवर आपटून वापस येते, गोधडी त्याले पिऊन घेते. आवाज पिते म्हने गोधडी. चार हिवाळे बसून शिवल्या मी त्या चार गोधड्या. माझ्या मायच्या लुगड्याचे काठ आहेत त्यात. आता बैलाच्या कोठ्यात चारही भिंतींवर लटकून राह्यल्या, अन मधात ढोल.

ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं देली. शाळा माझी चवथीपर्यंत. पन घरात कोनी ऐकत नाई, म्हनून लिहून ठेवते. लिहिलेलं असलं की पुरावा राह्यते.

त पुरावा असा. प्रणित माझा एकुलता पोरगा, चोवीस वर्षांचा. आयटीआय केला, चंद्रपूरले राह्यला, आता दोन महिन्यांपासून कोठ्यात आहे. बैल गेल्यापासून कोठा रिकामाच होता, ही माझी चूक. त्याच्यापाशी जाड तारांचं गिटार आहे, त्याले बास म्हनतात. दिनेश मूल गावचा, तो ढोल बडवते. करिष्मा बल्लारपूरची, स्कुटीवर येते, तिचं गिटार पातळ तारांचं. तिघांच्या पार्टीचं नाव 'रानगवा'. जे वाजवतात त्याले प्रोग्रेसिव्ह मेटल म्हनतात. नाव इंग्रजी, आवाज थ्रेशरचा. त्यांची नवीन रेकॉर्डिंग होऊन राह्यली, इपी म्हनतात. चार तुकडे, सगळे मिळून एकोणीस मिनिटं. एकोणीस मिनिटांसाठी चार गोधड्या.

उद्या सगळ्या उपटून आनते. ठरलं म्हनजे ठरलं.

११ मार्च, मंगळवार.

गोधड्या काढल्या नाई. कारन आहे. कोठ्यात गेली त करिष्मा म्हनाली, काकू, तुमच्या अंबाडीच्या भाजीची आठवन बल्लारपूरपर्यंत येत राह्यते. मंग जेवायले वाढावंच लागलं. तीन भाकरी खाल्ल्या पोरीनं. खाल्ल्यावर लगेच खिळे उपटनं बरं दिसत नाई.

दिनेश मोजत बसते. एक ते सात मोजते, मंग एक ते पाच, मंग पुन्हा सात. आठाले कधी जात नाई. शाळेत गेलं पोट्टं, तरी आठ येत नाई. मी त्याले सांगतलं बी, साताच्या पुढे आठ असते बाबू. हाव काकू म्हने, अन पुन्हा साताले थांबला.

प्रणितले विचारलं, गाते कोन. म्हनते, आमच्यात गानं नसते माय, नुसतं वाजवनं. मले वाईट वाटलं. एवढं सामान जमवलं, एवढी गोधड्यांची नासाडी केली, अन गानारं मानूस भेटलं नाई. पोरगा लाजून सांगत नाई, दुसरं काय.

१२ मार्च, बुधवार. दुपारी.

आज बसून ऐकलं. पहिला तुकडा म्हनजे टिनावर गोटे. दुसरा तसाच, पन उतारावरचे गोटे. तिसऱ्याले काहीतरी निराळं झालं. करिष्माची तार लांब-लांब ओढत गेली, दोन वेळा तुटली, पुन्हा वर गेली, अन सगळे एकदम गप्प. बराच वेळ गप्प. पुन्हा तार, पुन्हा गप्प. असं चार वेळा.

मले वाटलं लाईन गेली. लाईन होती.

विचारलं, मधात काऊन थांबता. प्रणितनं माझ्याकडे पाह्यलं अन हसला. म्हनाला, "तिथी जागा सोडली, माय."

कोनासाठी, म्हटलं. ऐकशील त समजन म्हने.

समजलं मले. मी काही भोळी नाई. चार जागा मोकळ्या, गानारं कोनी नाई, अन पाहून माझ्याकडे हसते. तोंडावर मागायले लाजते, बापावर गेला. याचा बाप देवाजी, लगनाच्या वक्ती पान्याचा गिलास मागायले लाजला होता.

गोधड्या राहू दे आता. माझाच आवाज पिनार आहेत त्या.

१५ मार्च, शनिवार.

होळी झाली. भजनात गेली होती. मुखरूभाऊ पेटी वाजवते अन सगळं तोच ठरवते. दोन वर्षं झाले, त्यानं मले बायांच्या मांगे, खांबाच्या आड बसवलं. म्हने, भागीरथाबाई, तुमचा आवाज मोठा आहे, बाकीच्या बाया ऐकू येत नाई. म्हनजे बाकीच्यांचा बारीक, त शिक्षा मले. जळते तो. पेटीच्या वर माझा आवाज जाते, हे त्याले सहन होत नाई.

आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं, माझा आवाज रेकॉर्डिंगमधी येऊन राह्यला. मोबाईलवर येईन. अमेरिकेतले बी ऐकतीन. मुखरूभाऊनं विचारलं, कोनतं गानं. म्हटलं, निंगाल्यावर पाह्यजा.

आजपासून नियम: थंडं पानी बंद, लोनचं बंद, रोज कोमट पानी अन हळद. ओरडनं पूर्ण बंद. गानाऱ्यानं आवाज जपावा.

१६ मार्च, रविवार.

बकरी वांग्यात शिरली म्हनून ओरडली. ते ओरडनं धरत नाई. देवाजीवर ओरडली, तेही धरत नाई, त्याले दुसऱ्या भाषेत समजत नाई. लोनचं थोडं खाल्लं, कारन भाजीत मीठ कमी होतं. नियम उद्यापासून.

२० मार्च, गुरुवार.

मोहा टपकू लागला. पहाटे आम्ही नऊ बाया नाल्यापलीकडे गेलो. मागच्या वर्षीची वाघीन अजून तिथीच आहे, फारेस्टवाल्यानं सांगतलं, संग दोन पिल्लं. एकेक बाई आपापल्या झाडाखाली वाकून येचते, एकमेकीले दिसत नाई. म्हनून हाक असते. एक बाई हाक देते, लांब, दोनदा तोडून, मंग वर नेते. मंग थांबते. त्या थांबन्यात बाकीच्या आपापल्या झाडाखालून 'होओ' करतात. आठ 'होओ' आले त ठीक. सात आले त सगळ्या टोपल्या तिथीच टाकून, बोंबलत, एकजूट होऊन त्या बाईकडे धावतात. हाक देनारी स्वतः 'होओ' करत नाई, ती मोजते.

तीस वर्षांपासून हाक माझी आहे. माझ्याएवढा आवाज कोनाचा जात नाई. पन या वर्षी आवाज जपायचा, म्हनून बुधरीले म्हटलं, तू दे. बुधरी माझी शेजारीन, कामाले वाघ, पन आवाज मच्छराचा. तिनं हाक देली त तिघींचेच 'होओ' आले. बाकीच्यांले ऐकूच आलं नाई. दिव्याची माय, बुधरीची सून, घाबरून रडू लागली. शेवटी मलेच हाक द्या लागली. आठ आले. आवाजाचा खर्च झाला तो वेगळा.

घरी येऊन प्रणितले सांगतलं, तुझ्या रेकॉर्डिंगपायी बाया वाघाच्या तोंडी जातीन. हसला. हा लहानपनी बी असाच होता. मी मोहाले गेली की आजीसंग नाल्याच्या बांधावर बसून राहे. हाक येईपर्यंत रडे, हाक आली की गप्प, अन मंग बोटं मोजे, किती बाया बोलल्या. त्याची आजी म्हने, पोरगं पाढ्याच्या आधी बाया मोजायले शिकलं.

ते जाऊ दे. तयारी करा लागन. मी माहेरचं लग्नातलं गानं म्हननार, हळद लावायच्या वक्तीचं. अकरा कडवे आहेत. जागा चार आहेत, पन प्रणित वाढवून देईन.

२३ मार्च, रविवार. दुपारी.

झालं. आजचा दिवस लिहून ठेवन्यासारखा.

हिरवं लुगडं नेसून कोठ्यात गेली. तिघं एकमेकांकडे पाहू लागले. म्हटलं, मी तयार आहे, पाह्यजे त दोन जागा वाढवा. प्रणित म्हनाला, माय, अवं, तसं नाई. करिष्मानं त्याले कोपर मारलं. मंग तिनंच मले खुर्चीवर बसवलं, कानाले ते मोठे फोन लावले, समोर माईक ठेवला, अन म्हने, काकू, म्हना.

म्हटलं. पुरे अकरा कडवे. प्रणित मान खाली घालून बसला होता, त्याच्या डोळ्यात पानी असन. दिनेश खिशात हात घालून भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हालून राह्यले होते. रडला तो बी. करिष्मा म्हनाली, मस्त काकू.

संध्याकाळी झुनका, भाकर, जवसाची चटनी केली सगळ्यांसाठी. कलाकार लोक एकत्र जेवले.

२ एप्रिल, बुधवार.

एक गोष्ट झाली, पन मोठी नाई. दिनेश आंगनात देवाजीजवळ बसून बोलत होता, मी कुडाच्या मांगे कपडे वाळू घालून राह्यली होती. म्हने, काका, त्या दिवशी माईकची वायर माझ्या खिशात होती, काकूले सांगजा नोका. देवाजी कधीच काही बोलत नाई, त्याचं तोंड फक्त जेवायले उघडते.

वाळू घातलेलं लुगडं काढून मी पुन्हा एकदा पिळलं. मंग लक्षात आलं. आजकाल सगळंच बिनवायरचं असते. प्रणितचे कानातले बिनवायरचे आहेत, सरपंचाच्या घरची बेल बिनवायरची आहे. माईक बी बिनवायरचाच असन, म्हनून वायर खिशात. दिनेशले काय समजते, त्याले आठ मोजता येत नाई.

प्रणितले विचारनार नाई. विचारलं त वाटन मले शंका आहे. मले शंका नाई.

९ एप्रिल, बुधवार.

तारीख ठरली. रविवारी १३ तारखेले रेकॉर्डिंग मोबाईलवर येनार. नाव 'बफर झोन', फारेस्टवाले आपल्या रानाले म्हनतात ते. मी म्हटलं, घरातल्या घरात ऐकायचं नाई, भोंगा लावायचा. मुखरूभाऊकडे गेली, भजनाचा भोंगा मागितला. कायले पाह्यजे, विचारलं त्यानं. म्हटलं, खांबाच्या आडचा आवाज ऐकायले. भोंगा देला, वर स्वतः वायर जोडून देतो म्हने. मनातून जळून कोळसा झाला असन.

प्रणित दोनदा म्हनाला, माय, भोंगा नोको लावू, मी तुले कानात लावून देतो, तू एकटी ऐक पहिले. म्हटलं, लाजू नोको. करिष्मा बी भोंगा नोको म्हनाली. नम्र पोट्टे आहेत.

गावात सगळ्यांले सांगून आली. दुपारी चारचा टाईम. येतानी आपापला मोहा घेऊन या म्हटलं, बसल्या-बसल्या साफ करता येईन.

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी.

चूल पेटवली नाई, पहिले लिहिते. पुरावा पाह्यजे.

चाळीस-पन्नास मानसं आली. बाया आंगनात मोहा पसरून बसल्या. मी हिरवं लुगडं नेसली. मुखरूभाऊ खुर्चीवर. कडूनिंबाले भोंगा.

पहिला तुकडा लागला अन माझ्या दोन बकऱ्या दावं तोडून पोंभुर्ण्याच्या रोडनं निंगाल्या. पोट्टे मांगे धावले. मुखरूभाऊनं कानात बोटं घातले. कोनीतरी म्हनालं, खानीत ब्लास्टिंग आहे का. मी म्हटलं, थांबा, तिसऱ्यात आहे. दुसरा झाला. म्हाताऱ्या उठून चालल्या त्यांले दाबून बसवलं. तिसऱ्यात आहे म्हटलं.

तिसरा लागला. करिष्माची तार लांब गेली, दोनदा तुटली, वर गेली. मी उभी झाली. आता माझं पहिलं कडवं.

गप्प.

भोंग्यातून काहीच नाई. नुसती खरखर. सगळं गाव माझ्याकडे पाहून राह्यलं. अन तेवढ्यात बुधरी, खाली मान, हात मोह्यात, हळूच म्हनाली, होओ.

म्हनाली अन दचकली, जसं तोंडातून आपोआप निंगालं. पुन्हा तार गेली, पुन्हा गप्प, त या वक्ती दिव्याची माय बी, होओ. तिसऱ्या जागेले पाच-सहाजनी. चवथ्या जागेले मोहावाल्या आठही बाया, एकीमांगे एक, झाडाखाली देतात तशा. मांगून म्हाताऱ्या बी, ज्यांनी मोहा सोडून जमाना झाला. आठ झाले, मी मोजले. कसे मोजले मले समजत नाई, पन मोजले.

एकटी मी गप्प. माझ्या चारही जागा बुधरी अन तिच्या संगच्यांनी खाल्ल्या, अन मी माझ्याच आंगनात हिरवं लुगडं नेसून उभी.

चवथा तुकडा कोनी ऐकला नाई. बाया हसत होत्या, एकमेकीले टपला मारत होत्या, पुन्हा लाव म्हने तिसरा. पुन्हा लावला. पुन्हा होओ. बुधरी म्हने, भागीरथाबाई, अवं ही त तुझीच हाक, मी त टोपली टाकून पळनार होती. मुखरूभाऊ जाता-जाता म्हने, बरं झालं, शब्द नव्हते.

मंग करिष्मानं हौसेनं मोबाईल दाखवला, कोनी काय केलं त्याची यादी. बास प्रणित. ढोल दिनेश. गिटार करिष्मा. सगळ्यात खाली: जेवण आणि कोठा, प्रणितची आई. नाव बी नाई. अन तिसऱ्या तुकड्याचं नाव 'बांध'. बांधावर काय आहे? मी कधी बांधावर गानं म्हटलं नाई.

प्रणित जवळ आला. म्हनाला, "माय, तुले आवडलं नाई का?"

घरात जाऊन चुलीपाशी बसली.

१४ एप्रिल, सोमवार.

सकाळी तिघं सामान घेऊन नागपूरले गेले, तिथी कार्यक्रम आहे. प्रणित दारात बराच वेळ उभा होता. मी भांडे घासत होती. भांडे जास्त नव्हते, पन घासत होती.

तो गेल्यावर कोठ्यात जाऊन गोधड्या उपटल्या. एकेकीले बावीस छेद. दोन काढल्या, मंग हात दुखला.

देवाजीले विचारलं, माईक बंद होता हे तुले मालूम होतं ना. हाव म्हने. म्हटलं, मंग माझी हाक त्यांनी कुठून चोरली, बंद माईकमधून? या मानसानं वर्षात एकदा तोंड उघडलं. म्हने, त्याले माईक कायले लागते, तो त बांधावर बसून मोठा झाला. असं कोड्यात बोलते. उत्तर विचारलं की बांध सांगते. याच्यापाशी अक्कल असती त भोंग्याच्या आधीच बोलला असता.

१६ एप्रिल, बुधवार.

आज मोह्याले गेलो. मी हाक देली. थांबली. आठ 'होओ' आले, मोजले. अन थांबल्या-थांबल्या कानात तीच तार वाजू लागली. पोट्ट्यानं माझी हाक बी खराब करून ठेवली. आता मी हाक देते का त्याचं गानं वाजवते, मलेच समजत नाई.

खालचं तुझ्यासाठी आहे, प्रणित. बुधरीची नात दिव्या या पानाचा फोटो काढून तुले पाठवनार आहे. वरचं वाचू नोको, फक्त इथून.

माईक बंद होता. अकरा कडवे मी बंद माईकले ऐकवले अन तुम्ही तिघांनी ऐकू देलं. त्या पोरीनं मस्त काकू म्हटलं. वाघ समोरून येते त दिसते तरी. आपल्याच कोठ्यात, आपल्याच गोधड्यांमधी, आपल्याच पोरानं असं करावं. माईक बंद होता त माझी हाक कुठून आनली? मी तुले कधी शिकवली नाई. हाक बायांची असते, पोरं शिकत नाई. न विचारता घेतली, अन घेतली त त्या पोरीच्या तारेले काऊन देली? यादीत माझं नाव भागीरथा असं लिहा लागन. जेवन अन कोठा खोडा लागन, नाहीत त दोन्ही बंद.

तू विचारलं, आवडलं नाई का. ते मी मांगून सांगन. पहिले माझं उत्तर.

फोनवर नोको, फोनवर तू हाव-हाव करून ठेवून देतोस. येत्या रविवारी, वीस तारखेले, पहाटे नाल्याच्या बांधावर येऊन बस. मी पलीकडून हाक देईन, अन थांबन. बायांचे आठ असतात. मले नऊ ऐकू आले पाह्यजे.